दादा जेठानंद आणि सहा व्हाइस

टेबलावर पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आल्याशिवाय दादा जेठानंद सभेला सुरुवात करत नसत. पाणसळ म्हणजे गवंडी भिंतीवर ठेवून बघतो ना, ती. लाकडी पट्टी, तिच्यात काचेची नळी आणि नळीत एक चुकार बुडबुडा. दादांच्या कोटाच्या आतल्या खिशात ती कायम असे. इतर लोक जिथे पाकीट ठेवतात तिथे.

सभा आमच्या टेक्निकल हायस्कूलच्या शाळा समितीची, आणि दादा तिचे चेअरमन. हायस्कूल भरायचं उल्हासनगरला, लष्कराने सोडून दिलेल्या बराकीत. समितीची सभा जिथे व्हायची ती खोली म्हणजे पलटणीचं जुनं न्हाणीघर. त्यामुळे जमिनीला मोरीकडे छान उतार. बुडबुडा मधोमध येणार कसा? दादा वाकून टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या सरकवायचे आणि समितीचे बाकीचे सहा सभासद मान वाकडी करून बुडबुड्याकडे बघत बसायचे.

"दादा," बदलापूरजवळच्या शिरगावचे सखाराम पाटील म्हणायचे, "तुमचा बुडबुडा यायच्या आधी माझा भात कापायला यंल!"

"सदरहू पाटीलसाहेबांनी शांत बसावे," दादा टेबलाखालून सांगायचे, "अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल."

हे दादांचं मराठी. दादा सिंधी. तिकडे सिंधमध्ये कालव्यावर ओव्हरसियर होते. फाळणीनंतर एक ट्रंक, एक पाणसळ आणि कोट एवढं घेऊन इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आले. इथे आल्यावर त्यांनी ठरवलं, ज्या मुलखाचं पाणी पितो त्याची भाषा बोलायची. शिकवणार कोण? तर कॅम्पाच्या कचेरीबाहेर सरकारी नोटिशी लागायच्या. दादा रोज सकाळी वही घेऊन तिथे उभे राहायचे आणि सगळ्या उतरवून घ्यायचे. दोन वर्षांत त्यांचं मराठी पक्कं झालं, पण त्यात गप्पा नव्हत्या, लाड नव्हते, शिव्या तर नव्हत्याच. नुसते हुकूम होते. भाजीवालीला ते म्हणायचे, "सदरहू वांगी ताजी असल्याबाबत खात्री पटवून द्यावी." ती म्हणायची, "खात्री कसली पटवू? कापून बघा की, दादा!"

मी या शाळेचा कारकून. घंटाही मीच द्यायचो, पण कागदावर कारकून. गाव चांद्याच्याही पलीकडे, इथून दोन रात्री आणि वर बैलगाडी. इंग्रजी तिसरीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला होतो, ते काम हंगामी निघालं. मग कुणीतरी सांगितलं, कॅम्पात नवी शाळा निघतेय, कारकून हवाय, मॅट्रिक झालेला. मॅट्रिक! मी तरी गेलो. पोटात भूक असली की माणूस कुठल्याही दारात उभा राहतो.

दादांनी माझी मुलाखत घेतली. त्यांनी माझ्यापुढे एक डुगडुगणारी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "सदरहू खुर्ची स्थिर करावी." मी खाली बसलो, चारही पाय चाचपले, कागदाची घडी केली, सरकवली. दादांनी बैठकीवर पाणसळ ठेवली. एकदा बुडबुड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"पहिल्याच घडीत!" ते म्हणाले. "नेमणूक करण्यात येत आहे."

दाखला त्यांनी मागितलाच नाही. मीही सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्यांनी नुसतं "कारकूनसाहेब" म्हटलं तरी मला वाटायचं, आता दाखला मागणार आणि मी चांद्याच्या गाडीत बसणार. गावी आईला लिहिलं होतं, नोकरी लागली, सरकारी शाळेसारखीच आहे. त्या पत्रावर ती घरात ताठ मानेने वावरत होती.

आमची शाळा मात्र अजून सरकारच्या हिशेबी शाळाच नव्हती. शिक्षण खात्याची मान्यता मिळाली नाही तर मुलांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. म्हणजे शाळा बंद, आणि मी घरी. मान्यतेत अडचण होती ती वर्कशॉपची. तिथे लोखंड पकडून ठेवणारा शेगडा एकच. तीस पोरं हातात कानस घेऊन रांगेत उभी राहायची, रेशनच्या दुकानासारखी. दादा प्रत्येक सभेत शेगड्यांचा विषय काढायचे आणि सभासद प्रत्येक सभेत म्हणायचे, "पुढच्या सभेत बघू."

अशात खात्याचं इंग्रजी पत्र आलं.

दादांचा नियम असा की सभेत इंग्रजी चालणार नाही. पत्र आलं की कारकुनाने त्याचं मराठी करायचं आणि वाचून दाखवायचं. दादांना इंग्रजी पाण्यासारखं येत होतं, पण नियम म्हणजे नियम. एरवी मी हळूच हेडमास्तरांना विचारून घ्यायचो. नेमके ते हिवतापाने अंथरुणावर. मी पत्र आणि शब्दकोश घेऊन बसलो.

पत्रात तीन अटी होत्या. पहिलीतच अडलो. शाळेला कमीत कमी सहा 'व्हाइस' पाहिजेत, सध्या एकच आहे. शब्दकोशात बघितलं, व्हाइस म्हणजे दुर्गुण. शाळेस किमान सहा दुर्गुण असावेत? सरकार असं कशाला लिहील? मग एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, आमचे व्हाइस चेअरमन! अंबरनाथचे निवृत्त पोस्टमास्तर करमरकर. त्यांना सगळे नुसतं "व्हाइस" म्हणायचे. "व्हाइस आले का?" "व्हाइसना चहा द्या." आणि ते खरोखर एकच होते! माझ्या हुशारीवर मीच खूश झालो. पुढचं भाषांतर मग भराभर झालं.

सभेत मी खणखणीत आवाजात वाचलं, "एक. शाळेस किमान सहा व्हाइस असावेत; सध्या एकच असल्याचे समजते. दोन. सर्व व्हाइस बाकाला घट्ट बसवलेले असावेत. तीन. तपासणीच्या वेळी त्यांचे जबडे पाहण्यात येतील."

सभा गार पडली.

करमरकर लालबुंद झाले. "म्हणजे मी एकटा कमी पडतो, असं खात्याचं म्हणणं?"

"तसं नव्हं, व्हाइस," पाटील म्हणाले. "मागच्या दोन सभांना तुम्ही नव्हता. ते वर कळलंय. म्हणून बाकाला घट्ट बसायला सांगतायत."

"मी मुलीच्या बाळंतपणाला गेलो होतो!"

"पण जबड्याचं काय?" पाटलांनीच काळजीने विचारलं. त्यांचे खालचे तीनच दात शिल्लक होते.

"भाषण स्पष्ट करता आलं पाहिजे, असा अर्थ असावा," करमरकर म्हणाले. पोस्टात जन्म गेलेला माणूस. कुठल्याही कागदाचा अर्थ लावायचेच.

दादांनी हात पुढे केला. "मूळ पत्र सादर करावे."

मी दिलं. दादांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझ्या पायाखालचा उतार एकदम वाढल्यासारखा वाटला. आता विचारणार, कितवीपर्यंत शिकलात?

दादांनी पत्राची घडी घातली आणि कोटात ठेवली.

"सदरहू भाषांतर समाधानकारक आहे," ते म्हणाले. "पाच नवे व्हाइस चेअरमन नेमण्यात यावेत. इच्छुकांनी हात वर करावेत."

हात काय, दोन जणांनी दोन्ही वर केले. चेअरमन आणि करमरकर सोडून सभासद पाचच होते, आणि पाचही इच्छुक. एवढी बिनविरोध निवडणूक मी आयुष्यात बघितली नाही.

"एक अट," दादा शांतपणे म्हणाले. "प्रत्येक नव्या व्हाइसने पद घेताना वर्कशॉपला एक शेगडा द्यावा. आठ दिवसांत. न दिल्यास पद रद्द समजण्यात येईल."

वर्षभर "पुढच्या सभेत बघू" म्हणणारे ते पाच जण! पण आता घरी बायकोला सांगून झालं असणार होतं, किंवा सांगायचं ठरलं होतं. सहाव्या दिवशी पाटील स्वतः बैलगाडीतून शेगडा घेऊन आले. कल्याणच्या एका लोहाराकडून आणला होता. गाडीतून उतरवताना म्हणाले, "जपून रं! माझं व्हाइसपण हाये त्यात."

मला वाटलं, ही दादांची आणखी एक तऱ्हा.

तपासणीचा दिवस उजाडला. सकाळी आठलाच सहाही व्हाइस बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. बाक चौघांचा, बसले सहा. कोट, टोप्या, पाटलांचा फेटा. घट्टच बसले होते. हलायला जागाच नव्हती.

साहेब आले. उंच, अबोल. वर्ग बघितले, हजेरीपट बघितला आणि व्हरांड्यात माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे व्हाइस किती?"

हे इंग्रजी मला येत होतं. रात्रभर पाठ केलं होतं. "सिक्स, सर!" मी म्हणालो. "ऑल ऑन द बेंच, सर!" आणि बाकाकडे बोट दाखवलं. सहाही जण उठायला गेले, पण एकमेकांत अडकल्यामुळे कुणालाच उठता आलं नाही.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दादांनी वर्कशॉपचं दार उघडलं आणि अदबीने साहेबांना आत नेलं. मी मागोमाग. साहेब कामाच्या लांब टेबलाशी गेले. त्याला ओळीने शेगडे बसवले होते. साहेबांनी पहिल्याचा दांडा फिरवला, तोंड उघडून बघितलं. "वन व्हाइस." दुसऱ्याचा फिरवला. "टू व्हाइस."

मी दाराची चौकट धरली.

"सिक्स," साहेब म्हणाले. "पक्के बसवलेत. जबडेही चांगले आहेत."

जबडे! शेगड्याला व्हाइस म्हणतात आणि या टेबलाला बेंच, हे मला त्या क्षणी कळलं. वर्कशॉपचे मिस्त्री, पोरं, खुद्द दादा, सगळे शेगडाच म्हणायचे. माझ्या कानावर दुसरा शब्द आलाच नव्हता. मी खात्याचं पत्र वाचून सहा माणसं निवडून आणली होती!

बाहेर पडताना साहेबांनी बाकाकडे खूण केली. "हे गृहस्थ कोण?"

"तेही व्हाइसच, सर," दादा म्हणाले. "हे आहेत म्हणून आतले आहेत."

अबोल साहेब पहिल्यांदा हसले. मान्यतेची शिफारस करतो, म्हणाले आणि गेले. मोटार दिसेनाशी होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग एकदम कल्ला झाला. हेडमास्तर दुखण्यातून उठून आले होते, ते पोरांसारखे टाळ्या पिटू लागले. पाटील तेवढे गोंधळलेले.

"दादा, आमचे जबडे बघितलेच न्हाईत की!"

"सदरहू जबडे मान्य करण्यात आले आहेत," दादा म्हणाले.

सगळे पांगल्यावर संध्याकाळी मी एक कागद घेऊन दादांपुढे उभा राहिलो. शाळा वाचली होती, आता माझं लपवणं मला पेलवेना. एका दमात सांगून टाकलं. इंग्रजी तिसरी. मॅट्रिक नाही. शेगड्याचा चेअरमन मी केला. हा राजीनामा.

दादांनी तो सावकाश वाचला.

"यात एकही चूक नाही," ते म्हणाले. "म्हणून मंजूर करता येत नाही."

"दादा, तुम्हाला सभेतच कळलं होतं?"

"ओव्हरसियर होतो मी. व्हाइस नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग बोलले ते हळू, अडखळत. त्यांच्या मराठीत तेव्हा एकही सदरहू नव्हता.

"तिकडे माझा एक मुन्शी होता. अल्लाबख्श. तुमच्याएवढाच. त्याने मापात चूक केला. मी दहा लोकांसमोर तो कागद वाचून दाखवला. सगळे हसले. मीपण हसलो. त्याने लेखणी खाली ठेवली आणि गेला. मला वाटलं, उद्या येईल. उद्या नाही आला. परवा नाही आला. मी म्हटलं, त्याच्या गावात जाऊन माफी मागेन, आज जाईन, उद्या जाईन. आणि मग आम्हीच निघालो, पुट. आता ते गाव दुसऱ्या देशात आहे. तीन पत्रं टाकली. जवाब नाही."

पुट म्हणजे मुलगा. एवढं सिंधी मला कॅम्पात राहून कळत होतं.

मी टोपी घातली. "येतो, दादा," म्हणालो.

"थांबा." त्यांनी वर बघितलं. "जाताय ना?"

"हो."

"मग 'येतो' का म्हणता?"

"आमच्यात जाताना 'जातो' म्हणत नाहीत, दादा. 'येतो'च म्हणतात."

"नोटिशीत नव्हता हा शब्द," ते म्हणाले. तोंडातल्या तोंडात त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. मग राजीनाम्याचा कागद माझ्या हातात परत दिला.

"पुन्हा सांगा."

"येतो, दादा."

"उद्या?"

"उद्या येतो."

"हां," ते म्हणाले. "या."