खुर्ची काय म्हणत होती

लोरेन कुझ्माने करकचून ब्रेक मारला. सकाळभर फावडं मारून तिने घरासमोर एका गाडीपुरती जागा बर्फातून मोकळी केली होती, आणि त्या जागेत वेंडेल प्रुइटची लाल गाडी ऐटीत उभी होती. लोरेनच्या शेजारी तिची आई बसली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती आजच घरी येत होती, आणि निसरड्यावरून तिला अजिबात चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मी तिथे खुर्ची ठेवली होती!" लोरेन किंचाळत गाडीतून उतरली.

आमच्या पिट्सबर्गात ज्याने बर्फ उपसला त्याने मोकळ्या जागेत घरातली एखादी जुनी खुर्ची ठेवायची, आणि बाकीच्यांनी गुमान पुढे जायचं. याला कायदा नाही, पाटी नाही, तरी इथलं शेंबडं पोरही त्या खुर्चीला हात लावत नाही. लावला तो वक्तृत्वशास्त्राच्या प्राध्यापकाने! शिकलेल्या माणसांचा संताप येतो तो असा.

वेंडेल हसतहसत लोरेनच्या घराच्या पायऱ्या उतरला. तो यंदाच ॲरिझोनाच्या वाळवंटातून लोरेनच्या विभागात आला होता. दोघं मिळून पुस्तक लिहीत होते आणि दर प्रकरणाला भांडत होते. लोरेन म्हणे, प्रसंगच माणसाला बोलायला लावतो, आणि काय बोलायचं तेही तोच ठरवतो. वेंडेल म्हणे, प्रसंग असा नसतोच; बोलणारा ज्याला प्रसंग म्हणेल तो प्रसंग. आजही तो त्याच भांडणासाठी आला होता.

"रस्त्यात खुर्ची पडली होती, व्हरांड्यात नेऊन ठेवली. आभार मान माझे."

"पडली नव्हती, ठेवली होती! चहूकडे बर्फ, मधे साफ जागा, तिच्या मधोमध खुर्ची. प्रसंग बोंबलून सांगत होता, वेंडेल!"

"मला नाही बुवा ऐकू आलं. खुर्ची म्हणजे खुर्ची. ती राखीव आहे हे तुझ्या डोक्यात. अर्थ आपण घालतो."

"अर्थ मागाहून घाल. आधी गाडी काढ!"

वेंडेलने गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली, बर्फाचा चिखल लोरेनच्या कोटावर उडाला, आणि गाडी होती तिथेच आणखी रुतून बसली. रस्त्यात थांबलेल्या लोरेनच्या गाडीमागे रांग लागली. भोंगे सुरू झाले.

"लोरेन, मला थंडी वाजतेय गं," आई म्हणाली.

लोरेनने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या रूडी हव्रिलकच्या दारात साफ केलेली जागा होती, आणि तिच्यात निळी खुर्ची. ती तरातरा गेली, खुर्ची उचलून फूटपाथवर ठेवली आणि गाडी आत घातली.

"अगं, काय करतेस!" वेंडेल ओरडला. "तिथे खुर्ची आहे!"

लोरेनने आईला उतरवून त्याच निळ्या खुर्चीवर टेकवलं. तेवढ्यात रूडीचा ट्रक कोपऱ्यावर वळला.

रूडी उतरला तोच भडकलेला. "प्रोफेसरबाई, तुम्ही? इथे जन्म गेला तुमचा! खुर्ची दिसली नाही?"

"दिसली. पण रूडी, खुर्चीला स्वतःचा काही अर्थ नसतो. आजचा प्रसंग वेगळा आहे, आणि तो काय आहे हे मी ठरवणार. माझी आई—"

"साफ चूक!" वेंडेल मधे पडला. "चहूकडे बर्फ, मधे साफ जागा, तिच्यात खुर्ची. ठरवायचं काय त्यात? प्रसंग बोंबलून सांगतोय!"

"हे तू बोलतोस?"

"आणि तू काय बोलतेस?"

दोघं हातवारे करत एकमेकांच्या अंगावर आले. मागचे भोंगे थांबेनात. रूडीला काही कळेना. तो शेवटी म्हातारीकडे वळला.

"मावशी, यांचं चाललंय तरी काय?"

"पुस्तक लिहितायत," आईने शाल घट्ट ओढली.

"कशावर?"

"कुठे, केव्हा, काय बोलावं, यावर."

रूडीने एका हाताने लोरेनला आणि दुसऱ्याने वेंडेलला दंडाला धरून खुर्चीच्या दोन बाजूंना उभं केलं.

"उचला," तो म्हणाला. "मी मागून धरतो. आणि वर पोचेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही."

दोघांनी निमूट खुर्ची उचलली. सगळ्या पायऱ्या चढेपर्यंत एकटी आई तेवढी बोलत होती.