कड्या काढलेलं घर

माझ्या नजरेतून धोका सुटत नाही. आमची ठकी चालायला लागल्यापासून टेबलांच्या कोपऱ्यांना मी मोजे घातलेत आणि झुरळांचं औषध इतकं सुरक्षित ठेवलंय की ते आता मलाही सापडत नाही. त्यामुळे आयांच्या ग्रुपवर एका बाईंनी 'मुलं आतून कोंडून घेतात, दारांच्या कड्या काढून टाका' असं लिहिलं, तेव्हा मी चहा गार होऊ दिला, पण कड्या काढल्या. सगळ्या!

"बाथरूमचीसुद्धा?" नवऱ्याने विचारलं.

"मूल काय बाथरूम वगळून कोंडून घेतं?"

मग घरात नियम झाला, आत असेल त्याने गाणं म्हणायचं. नवरा रेकायचा, सासूबाई गुणगुणायच्या. सासऱ्यांना सूर नाही, ते हिब्रू मुळाक्षरं म्हणायचे.

हिब्रू त्यांनी धर्मशास्त्राच्या कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. घशाच्या ऑपरेशननंतर वर्ग सुटला. आता कॉलेजने त्यांचं एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं. आवाज टिकला, तर वर्ग परत मिळणार होता. त्यासाठी ते कितीतरी दिवस घरात कुजबुजत बोलत होते, आवाज साठवत होते. विषय होता बायबलमधला एक शब्द, 'पेती'. लोक त्याचा अर्थ 'मूर्ख' असा सांगून मोकळे होतात, हे त्यांना पटत नव्हतं.

"बाबा, तुमच्या खोलीत माशीसुद्धा शिरणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

कडी नव्हती, म्हणून मीच कडी झाले. बाहेर जमिनीवर बसून दाराला पाठ लावली, ठकी मांडीवर. आतून बाबांचा आवाज येत होता. जुना, भरदार. ठकी झोपली. सगळं इतकं छान चाललं होतं की मी फोन बघितला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, मांडीवर बसून झोपणाऱ्या मुलांची मान कायमची वाकडी होते.

मी ताडकन उठले. पाठ सुटली तसं दार बाहेरच्या बाजूला उघडलं. ठकी दचकून जागी झाली, हातातून निसटली आणि तुरुतुरु आत! मुठीत तिचं लाडकं खेळणं, बाथरूमची कडी.

"पेती म्हणजे मूर्ख नव्हे," बाबा सांगत होते. "ज्याच्या मनाचं दार सताड उघडं आहे, तो. कुणी काहीही सांगावं आणि त्याने ते खरं मानावं."

कॅमेऱ्यात त्यांच्या मागे दार सताड उघडं होतं. त्यातून मी रांगत येत होते. रांगणारा माणूस दिसत नाही, असा माझा समज! ठकी टेबलावर कडी हाणू लागली. आवाज कसला म्हणून सासूबाई आल्या, मला अडखळल्या आणि सावरून कॅमेऱ्याला नमस्कार केला. तेवढ्यात शेजारच्या बाथरूममध्ये नवरा शिरला आणि नियमाप्रमाणे गाऊ लागला. चांगला पल्लेदार!

पडद्यावरचे चौकोन हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या सगळ्या गोंधळाच्या वर आवाज चढवला. एक-दोन वाक्यं निघाली. पुढच्या वाक्याला नुसती हवा आली.

कॉलेजचा निरोप फार सभ्य होता. प्रकृतीला जपा.

संध्याकाळी मी ग्रुपवरच्या त्या बाईंना विचारलं, तुमचं मूल कसं काय कोंडलं गेलं होतं? त्या म्हणाल्या, माझं बाळ अजून व्हायचंय, मी कुठेतरी वाचलं होतं.

बाबांसमोर कोमट पाणी ठेवून मी उभी राहिले. माफी मागायची होती, तोंडातून भलतंच निघालं. "पेती म्हणजे मीच ना?"

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी," ते कुजबुजले. आता आवाज साठवायला म्हणून नव्हे, तेवढाच उरला होता म्हणून. "पेतीला शिकता येतं. ज्याला शिकायचंच नसतं, त्याला वेगळा शब्द आहे."

मी डोळे पुसले आणि सगळ्या कड्या परत बसवल्या. पहिली त्यांच्या दाराची. त्यांनी ती आतून लावून बघितली, माझं मन राखायला.

शेवटचा स्क्रू पिळताना फोन वाजला. ग्रुपवर नवा सल्ला होता. दारात मुलांची बोटं चेंगरतात, दारंच काढून टाका.

मी बिजागरीकडे पाहिलं. मग हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे. मग जाऊन बाबांच्या दारावर टकटक केली.

"बाबा, तो वेगळा शब्द कोणता म्हणालात?"