सर्व्हरचा दसरा फाल्गुनात

"सर्व्हर अकोल्याच्या बाहेर जाईन तं माझ्या अंगावरून जाईन," असं रागिणीनं फूल उत्पादक संस्थेच्या भर सभेत सांगून टाकलं. सांगताना टेबलावर हात असा आपटला, की अध्यक्षांच्या कपातल्या चहानं बशीत उडी घेतली.

अध्यक्ष शालिकरामभाऊ बशीकडे पाहत राहिले. मनुष्य सज्जन, पण पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना पार भारून टाकलं होतं. संस्थेचा सर्व्हर आमच्याकडे द्या, सगळं तिकडूनच चालेल, असं त्या कंपनीचं म्हणणं. सोमवारी तिचा माणूस पाहणीला येणार आणि त्याच दिवशी निर्णय होणार. सर्व्हर गेला की सर्व्हर सांभाळणाऱ्या रागिणीचं काय, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

"एवढी कावून चिडतं पोरी? डब्बाच तं आहे," भाऊ म्हणाले.

"डब्बा नाई भाऊ, घर आहे ते."

आणि खरंच घर होतं. कार्यालयाच्या मागच्या थंड खोलीत एकच लोखंडी डबा, पण त्याच्या पोटात चार आभासी यंत्रं नांदत. एक लिलाव पाही आणि शेतकऱ्यांना मेसेज पाठवी, दुसरं हिशेब ठेवी, तिसरं शीतगृहावर नजर ठेवी, चौथं पगार काढी. रागिणीची आई पार्वताबाई हिवरखेडला झेंडू नि वांगी पिकवायची. तिनं एकदा विचारलं होतं, "एका डब्ब्यात चार मशिनी कशा मावल्या वं?"

"माय, एका घरात चार सुना समज. चूल एक, पाणी एक. पण जिले तिले वाटते, सारं घर माझंच."

पार्वताबाईला हे लगेच समजलं. फुलं तोडता तोडता तिनं त्याची ओवीही केली:

एकाच गं घरात चौघी सुना नांदती,
माझंच हे घर म्हणून चौघीबी सांगती.

या सुनांना सांभाळायची रागिणीची एक रीत होती. कोणत्याही यंत्रात नवं काही घालण्याआधी ती त्याचा तो क्षण जतन करून ठेवायची. नुसता फोटो नव्हे, अख्खा क्षण: पदर खोचलेला, हातातलं काम हातातच, ओठावरचा शब्द ओठावरच. पुढं काही बिघडलं, की त्या यंत्राला उचलून जुन्या क्षणात नेऊन बसवायचं. मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात ते अर्धा राहिलेला शब्द पूर्ण करी.

या क्षणांना नावं द्यावी लागत, आणि तिथं संस्थेच्या फूलबाजाराची, म्हणजे यार्डाची, सवय नडली. यार्डात तारखेला कोणी विचारत नाही. जानरावची पोरगी कधी झाली? शेवंतीच्या पहिल्या तोड्याले. गेटची भिंत कधी पडली? निशिगंध आला तवा. तसंच रागिणीही ज्या दिवशी पहिलं जे फूल यार्डात उतरेल, त्याचं नाव त्या दिवसाच्या क्षणाला देई.

रविवारी तिनं लिलावाच्या यंत्रात सुधारणा घातली. पुण्याचा माणूस येणार म्हणून सुनेला जरा नवं लुगडं नेसवावं, एवढाच हेतू. सोमवारी सकाळी पाहते तर सून रुसून बसलेली. हाक मारावी तर ओ नाही, पडदा काळा. आणि गेटातून पांढरी गाडी आत येत होती.

"घाबरायचं काम नाई," रागिणी स्वतःलाच म्हणाली, "कालच्या क्षणात नेऊन बसवू."

काल पहिलं फूल कोणतं आलं होतं? गलांडा. पण घाईत माणूस समोर दिसतं तेच खरं मानतो. तिनं खिडकीतून पाहिलं, तर यार्डात झेंडूची एक टोपली नुकतीच उतरत होती. जतन केलेल्या क्षणांच्या यादीत झेंडू होताच. तिनं तोच निवडला. यंत्र डोळे चोळत उठलं, दिवे हिरवे झाले, आणि रागिणी केसांवरून हात फिरवून पाहुण्याच्या स्वागताला गेली.

इकडे यंत्र जागं झालं ते झेंडूच्या क्षणात, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या सकाळी. बाहेर फाल्गुन आहे, पळस पेटलाय, कूलरची गवतं बदलायला निघाली आहेत, याची त्या बिचारीला काय कल्पना? ओठावर अडकलेला शब्द तिनं पूर्ण केला. संस्थेच्या यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याचा फोन वाजला: 'उद्या दसरा. झेंडूला विक्रमी भाव. असेल तेवढा माल आजच यार्डात आणावा.' पाठोपाठ व्यापाऱ्यांचे वाजले: 'उद्या दसरा. माल मर्यादित. गाड्या घेऊन त्वरित यावे.'

पहिल्या ओळीतला दसरा कोणी वाचला नाही. दुसऱ्या ओळीतला भाव मात्र ज्याला अक्षरओळख नव्हती त्यानंही वाचला.

पुण्याचा पियुष मोठा नीटनेटका मुलगा. त्यानं खोली पाहिली, डबा पाहिला, सगळ्याला "छान आहे" म्हणाला. दुपारी सभागृहात संचालकांपुढे पडद्यावर रंगीत चित्रं दाखवू लागला.

"मुख्य अडचण अशी आहे," तो म्हणाला, "की तुमचे मेसेज आज कुणी वाचतच नाही. शेतकऱ्याशी तुमचा संपर्क तुटलाय."

त्याच वेळी बाहेर एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग मोजायची सोय राहिली नाही. शालिकरामभाऊंनी खिडकीचा पडदा सारला आणि ते तसेच उभे राहिले.

सारं यार्ड केशरी झालं होतं. ऑटोवर झेंडू, ट्रॅक्टरवर झेंडू, मोटरसायकलच्या दोन्ही अंगांनी लोंबणारी झेंडूची गाठोडी. पियुषची पांढरी गाडी चाकांपर्यंत फुलांत बुडालेली. कोणीतरी सवयीनं तिला हारही घातला होता. दसऱ्याचा झेंडू, समोर गाडी, हात आपोआप वळला असणार.

शेतकरी जानराव थेट सभागृहात शिरला. "भाऊ, भाव कुठी आहे?"

"कोणता भाव?"

"इकरमी." त्यानं फोन पुढं केला.

भाऊंनी मेसेज वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा मेसेज वाचला. "उद्या दसरा?" ते हळूच म्हणाले, "मंग परवा होळी कशी आहे?"

रागिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गलांडा! गलांडा होता तो. तेवढ्यात दारात पार्वताबाई आली. डोक्यावर गाठोडं, कपाळावर पराग, चेहरा लग्नघरातल्या वरमाईसारखा.

"बाग उघडी करून आलो, बाई," ती लेकीला म्हणाली. "देवालेबी फूल नाई ठेवलं. म्हटलं, माह्या लेकीच्या मशिनीनं बलावलं."

लेकीनं पुढं होऊन ते गाठोडं उतरवून घेतलं. नोकरीचं भय वेगळं, आणि आईची रिकामी बाग वेगळी.

"पाहिलंत?" पियुष सौम्यपणे म्हणाला. "मी हेच सांगत होतो."

रागिणी गाठोडं खाली ठेवून ताठ झाली. "काय सांगत होते? मेसेज कोणी वाचत नाई म्हणे. एका मेसेजवर अर्धा जिल्हा दारात उभा आहे. आणा तुमच्या पुण्याहून असा एक मेसेज."

"पण तो चुकीचा होता."

"चूक माही आहे, त्याची नाई. म्या त्याले दसऱ्यात नेऊन बसवलं, त्यानं दसरा केला. तुमाले कोणी मांडवात बसवलं तं तुमी अक्षताच टाकसान ना?" ती भाऊंकडे वळली. "भाऊ, लिलाव लावा. संस्थेचा मेसेज म्हणजे संस्थेचा शब्द."

"अवं पोरी, लावतो. पण घेणारा कोण?"

उत्तर गेटातून आलं. अमरावतीच्या व्यापाऱ्याची गाडी, तिच्यामागं नागपूरच्या, त्यांच्यामागं खांडव्याची. सगळ्या रिकाम्या. माल मर्यादित असल्याचं त्यांना कळवलेलंच होतं. समोरचा डोंगर पाहून ते संतापले, फसवणूक म्हणाले, परत जातो म्हणाले. पण रिकामी गाडी परत नेणं कोणत्या व्यापाऱ्याच्या जिवावर येत नाही? लिलावाचं यंत्र अजून दसऱ्यातच असल्यामुळे लिलाव तोंडानंच झाला. शालिकरामभाऊ कट्ट्यावर चढले आणि घसा बसेपर्यंत ओरडले.

दसऱ्याचा भाव काही मिळाला नाही. जानरावनं त्यावर व्यापाऱ्यांच्या दोन पिढ्या उद्धारल्या. पण याच झेंडूवर तो उद्या नांगर फिरवणार होता, हे त्याच्या बायकोनं तिथंच सर्वांना सांगून टाकलं. पार्वताबाईचं गाठोडं रिकामं झालं. ती पायरीवर बसून पाणी प्याली, तेव्हा कुठं रागिणीनं तिच्यावरची नजर काढली.

"सर्व्हर इथंच राहीन," भाऊ बसक्या आवाजात म्हणाले. संचालकांनी माना हलवल्या.

पियुषनं चित्रं आवरली. "माझी गाडी तेवढी बाहेर काढता येईल का?" त्यानं विचारलं, आणि हार तसाच ठेवून गेला. पोरगा वाईट नव्हता.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. रागिणीनं खोलीत जाऊन गलांड्याचा क्षण निवडला असता, तर संपलीही असती. पण जिंकलेल्या माणसाला आणखी थोडं जिंकावंसं वाटतं. "आता पाहा," ती दारात जमलेल्या गर्दीला म्हणाली, "त्याले आधी आजची तारीख दाखवतो, मंग कालच्यात नेतो. कसं ऐकते ते पाहा."

तिनं तारीख बदलली.

यंत्रानं ऐकलं. उशिरा उठलेल्या सुनेला उन्हं माथ्यावर आलेली दिसावीत, तसं ते दचकलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि वर्षभरासाठी आधीच नेमून दिलेलं एकही काम झालेलं नाही! त्यानं सगळी कामं एका दमात उरकली. यार्डातला प्रत्येक फोन वाजू लागला. दिवाळीच्या शुभेच्छा आल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला, आलं. अध्यक्षांचा वाढदिवस आला. रागिणीनं धावत जाऊन यंत्र गलांड्यात नेऊन बसवलं, पण त्याआधी जानेवारीतला एक शेवटचा मेसेज निसटलाच.

जानरावनं तो मोठ्यानं वाचला. "उद्या दुपारी संस्थेत शेतकरी स्नेहमेळावा. सहकुटुंब यावे. रोडगे आणि वांग्याची भाजी."

शेजारच्या चार जणांनी आपापल्या फोनवर ते ताडून पाहिलं.

"मॅडम," जानराव गोड आवाजात म्हणाला, "संस्थेचा मेसेज म्हणजे काय म्हटलं होतं तुमी?"

"संस्थेचा शब्द," गर्दीतून पाच-पंचवीस जणांनी सांगितलं.

शालिकरामभाऊंचा आवाज गेलेलाच होता. त्यांनी नुसतं रागिणीकडे पाहिलं. तिनं आपटायला टेबल शोधलं, पण जवळपास ते नव्हतं.

"शब्दच," ती मान ताठ ठेवून म्हणाली. "या सगळे." मग पायरीवर आईशेजारी टेकून हळूच विचारलं, "माय, वांगे आहेत ना घरी?"

"वांगे लय आहेत," पार्वताबाई रिकामं गाठोडं झटकत म्हणाली. "तोडाले तू येजो सकाळी. अन् त्या तुह्या चौघी सुनांतून एखादी रिकामी असन तं तिलेबी आनजो. रोडगे थापाले हात पायजेत."