बाबालाल मणेर यांनी आवाज गेल्यावर गावास हाक मारिली त्याची हकीकत

श्री. प्रथम नमन विघ्नहर्त्यास, मग वाग्देवतेस, मग ज्या कोणी अनाम पुरुषाने पहिल्याने दुसऱ्यास लांबून हाक मारिली त्यास. शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, श्रावणमासी, एका नदीकाठच्या कसब्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे.

त्या कसब्यात बाबालाल मणेर म्हणून गृहस्थ होते. जातीचे बांगडीवाले, परंतु बांगड्या धाकट्या भावाने पाहाव्या आणि यांनी गळा चालवावा ऐसे ईश्वरी सूत्र. टांग्यास दोन कर्णे बांधावे, चांदणी नामे घोडी जुंपावी, आणि पस्तीस वर्षे गावास खबर द्यावी. माळावर तंबूचा सिनेमा आला, नाटक मंडळी उतरली, कुस्त्यांचा फड ठरला, उद्या नळास पाणी नाही, अमक्याची म्हैस हरवली, सर्व बाबालालांनी सांगावे मग गावाने खरे मानावे. कागद हाती कधी धरिला नाही. कोष्टी गल्लीत मागांचा खडखडाट, म्हणून तेथे शब्द तोकडे आणि सूर उंच. सराफ कट्ट्यावर अदबीने. माळी गल्लीत बायका पाण्याच्या खेपा करीत असत, म्हणून तेथे टांगा सावकाश घेऊन निम्मे बोलणे जाताना आणि निम्मे येताना. मग माग बंद पडले, आणि माणसे पोटामागे परमुलखी गेली, कोणी सुरतेस, कोणी पुण्यास, कोणी समुद्रापार मस्कतेस, आणि चांदणीही गेली, आणि बासष्टावे वर्षी बाबालालांच्या कंठास असाध्य विकार जाहला. मोठ्या शहरी वैद्यांनी शस्त्र चालवून स्वरयंत्र काढिले आणि जीव राखिला. लोक समाचारास येत ते मोठमोठ्याने बोलत, जणू आवाज नव्हे, कानच गेले. त्याचे त्यांस बहुत वाईट वाटे. मग त्यांनी पुढचे दार लावून घेतले, आणि मागल्या सोप्यात बसून भावाच्या बांगड्या रंगवार निवडाव्या, आणि काही सांगणे जाहले तर दगडी पाटीवर लिहून पत्नी जैनबी यांस दाखवावे, ऐसा दोन वर्षे क्रम चालिला.

त्याच गावी शकुंतलाबाई शिंत्रे यांचे राज्य होते. यांनी एकतीस वर्षे कन्याशाळेत मराठी शिकविले, सबब लहानथोर त्यांस अक्का म्हणत. गाव पांगला तरी त्यास एके जागी बसता यावे, ऐसे मनी आणून बाईंनी जालावर गावाच्या नावे संकेतस्थळ स्थापिले. या राज्यास गढी नाही, फौज नाही, वाचणारे तीच रयत. दिवाणगिरी बहिणीचे पुत्र सत्यजितराव यांजकडे. हे शहरी राहून ही विद्या शिकून आले होते, आणि मजकूर कैसा लिहावा याचे त्यांचे कायदे पक्के होते. मथळा ऐसा की बोट थांबलेच पाहिजे, परिच्छेद दोन ओळींचा, आणि जे सांगणे ते शेवटापर्यंत दडवून ठेवावे. त्याप्रमाणे नदीचा पूर, गावची भाकरी, जुने देऊळ यांवर मजकूर जाहला. तथापि रयत उंबऱ्याशी येई आणि पाऊल आत न टाकता परते. बाईंचे चित्त उदास जाहले. त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर कुलूप घालू. रिकाम्या घरात दिवा कशाला?"

मग एके दिवशी बाई स्वतः मणेरांचे दारी गेल्या. दार जैनबींनी उघडले. बाई खालच्या आवाजात बोलत होत्या, हे बाबालालांनी प्रथम हेरिले आणि उठून पाट दिला. बाई म्हणाल्या, "बाबालालभाऊ, आमच्यासाठी लिहाल का?"

बाबालालांनी पाटीवर लिहिले, "मी लेखक नव्हे अक्का. मी ओरडत होतो."

"मग ओरडल्यासारखंच लिहा."

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिले, "कुठल्या गल्लीसाठी?"

बाई घोटाळल्या. म्हणाल्या, "सगळ्यांसाठीच की. जे गाव सोडून गेले त्यांच्यासाठी."

बाबालालांनी मान हलविली, आणि लिहिले, "सगळ्यांची गल्ली मला ठाऊक नाही." परंतु बाई गेल्यावर त्यांनी जैनबींकडे वही मागितली. आणि तीन दिवस बसून आपल्या टांग्याची आणि चांदणीची हकीकत लिहिली, शेवटी आवाज गेला त्याच्या दोन ओळी लिहिल्या, आणि वही पाठवून दिली. इतक्या दिवसांनी आपले बोलणे घराबाहेर जाते, या विचारे त्यांस त्या दिवशी जेवण गेले नाही.

वही दिवाणांचे हाती पडली. सत्यजितरावांनी टांगा छाटिला, घोडी छाटिली, शेवटच्या दोन ओळी उचलून आरंभी ठेविल्या, आणि वर मथळा दिला की, "या माणसाचा आवाज कायमचा गेला, पुढे जे झालं ते वाचून डोळे पाणावतील." मग काय पुसावे. चार हजार लोक एका दिवसात आले. हाय हाय करून गेले. रडक्या तोंडांच्या आणि जोडलेल्या हातांच्या चित्रांचा खच पडला. दिवाण बहुत खुषीत आले. इकडे पुतणीने बाबालालांस मोबाईलवर तो मजकूर दाखविला. त्यांनी तो दोन वेळा वाचिला, आणि त्यांच्या कानशिलांवर रक्त चढले, आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांस वाटले की ओरडता यावे. ते चपला घालून, पाटी काखेत मारून, भर बाजारातून बाईंचे घरी गेले. दोन वर्षांत गावाने त्यांस रस्त्यावर पाहिले नव्हते, लोक उभे राहून पाहू लागले. बाईंसमोर त्यांनी लिहिले, "सिनेमा पडेल असला तर मी पडेल म्हणत नव्हतो. पण रडका आहे सांगून हसवा कधी दाखवला नाही. माझी वही परत द्या."

बाईंनी वही दिली, आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी वाचलं नव्हतं आधी." आणि तेथल्या तेथे दिवाणांस हुकूम केला की तो मजकूर काढावा.

सत्यजितराव म्हणाले, "मावशी, चार हजार लोक आलेत. आपल्याकडं चारशेसुद्धा कधी आले नव्हते."

"आले, पण थांबले किती वेळ?"

दिवाणांनी यंत्रात पाहिले आणि नाइलाजाने सांगितले, "सरासरी बारा सेकंद."

ते ऐकून बाबालाल दाराशी थबकले. पस्तीस वर्षांत, ऐकणारे थांबत नाहीत म्हणून हाक अर्धी टाकून जाणारा माणूस ते नव्हते. माघारी फिरून त्यांनी लिहिले, "मला एक गल्ली द्या. एकच. मथळा माझा." बाईंनी दिली.

मग त्यांनी कोष्टी गल्ली लिहावयास घेतली. पहिला मथळा ऐसा, "कोष्टी गल्ली, डावीकडची दारे." दिवाणांनी कपाळास हात लाविला, परंतु अक्षर हलविले नाही. त्यात बाबालालांनी घरोघरचे लिहिले. पहिले दार रंगाऱ्याचे, त्याच्या ओट्यावर सदा निळे डाग. दुसऱ्या दारी पिंपळाचे रोप भिंतीत उगवले होते आणि ते उपटावे की पुजावे यावरून दोघे भाऊ तीन वर्षे अबोल होते. तिसऱ्या दारी चांदणी हटकून थांबे, कारण तेथली म्हातारी तिला भाकरीचा पापुद्रा देई. चौथ्या दारी उंबऱ्यावर कोणी बसू नये, कारण तेथे मागाच्या सुताचा ताणा लावलेला असे. ऐसे अठरा दारांपर्यंत लिहिले आणि म्हटले की पुढे गर्दी होती, टांगा वळवून घेतला. बस्स, इतकेच. दडविले काही नाही.

पहिल्या दिवशी नऊ जण आले. दुसऱ्या दिवशी चाळीस. मग पुण्याहून एकाने लिहिले, "निळे डाग आमच्या आजोबांचे." मस्कतेहून एकाने लिहिले, "पिंपळ उपटला नाही, तिथे आता पार आहे, मी मागच्या वर्षी बसून आलो." आणि एकाने रागाने लिहिले, "काका, एकोणिसावं दार आमचं, टांगा का वळवला?" बाबालालांनी पुतणीकडून अक्षरे दाबण्याची रीत शिकून घेतली, आणि एकेका बोटाने प्रत्येकास उत्तर दिले. एकोणिसाव्या दाराची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या आठवड्यात प्रथम ते दार लिहून मग उजवी बाजू आरंभिली. जैनबी दारातून पाहात. धनी मान खाली घालून तास तास बोलत आहेत, आणि पलीकडची माणसे मुकाट ऐकून मग बोलत आहेत, ऐसे त्यांनी दोन वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी पुढचे दार उघडे टाकिले. सत्यजितरावांनी यंत्र पाहिले तो वाचणारे अकरा मिनिटे थांबत होते. ते तिसऱ्या वहीच्या वेळी स्वतः मणेरांकडे आले, आणि पायरीवर बसून विचारिले, "काका, माळी गल्लीत टांगा सावकाश का न्यायचात?" तेव्हा बाबालालांनी पाटी दोनदा भरून उत्तर दिले.

दसरा उलटला, कुलुपाची गोष्ट कोणी काढिली नाही. मग कार्तिकमासी एके सकाळी सुरतेहून एका सुनेचे पत्र आले. लिहिले होते की, "माझ्या सासूबाई गोदाक्का दिवटे, कोष्टी गल्ली, अकरावं दार. त्यांना आता दिसत नाही. तुमचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवते. त्या मला रागावतात. म्हणतात, मणेर असं बोलत नव्हता, थांब, मी दाखवते. तर त्यांनी दाखवलं ते सोबत पाठवते."

सोबत ध्वनी होता. पुतणीने तो लाविला. आधी मागे कुठे कुकरची शिटी, मग खोकला, आणि मग ऐंशी वर्षांच्या बाईचा चिरका आवाज, परंतु चाल तीच, हेल तोच, "या हो या, चुली विझवून या, दारं लोटून या, म्हातारी माणसं धरून या, माळावरती तंबू आला." बाबालालांची हाक यंत्रात भरून ठेवावी हे कधी कोणास सुचले नव्हते. खुद्द त्यांसही ती आताशा आठवत नसे, आणि हे त्यांनी जैनबींसही कळविले नव्हते. ध्वनी सरला. त्यांनी बोटाने खूण केली, तो पुन्हा लाविला, आणि पुन्हा. जैनबींनी पदर डोळ्यांस लाविला. मग बाबालालांनी पाटी ओढून लिहिले, "दारं लोटून या, इथं ती थांबते. मी थांबत नव्हतो. घोडी चालायची." आणि तेच शब्द एकेका बोटाने सुरतेस लिहून कळविले. खाली लिहिले, "बाकी बरोबर. पुन्हा एकदा म्हणून पाठवा."

येणेप्रमाणे वर्तमान घडले. पुढे बाबालालांनी चौदा गल्ल्या लिहिल्या. ते राज्य थोर कधीच जाहले नाही. वाचणारे हजाराच्या आत, परंतु आले ते टिकले. सत्यजितराव दिवाणगिरीवर कायम राहिले. गोदाक्कांनी दुसऱ्या खेपेस मध्ये न थांबता म्हटले, तो ध्वनी संकेतस्थळावर कोष्टी गल्लीच्या अकराव्या दारापाशी ठेविला आहे, आणि ज्यास ऐकणे असेल त्यास मुभा आहे. अधिक लिहिणे नलगे.