लिंबराज अण्णांचं यंत्र

आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना तब्येत विचारतात. लिंबराज अण्णा वेग सांगतात.

मी सकाळी शाळेत कारकुनीला निघालो की ओट्यावरून आवाज येतो, "बीये, तुझं एकशेचाळीसवर चाललंय. जरा नव्वदवर ये, न्हायतर येरमाळ्याच्या फाट्यावर आपटशील." मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अण्णांनी निकालाच्या दिवसापासूनच माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीये' म्हणायला लागले. माझ्या बायकोचं भाकरी थापणं त्यांच्या मते पंच्याण्णव, तेही ती माझ्यावर चिडलेली नसेल तर. एसटी साठ, उतारावर.

हे आकडे त्यांना लागले ते ड्रम मशीनमुळं. बार्शीच्या एका बँडवाल्यानं नवं घेतलं म्हणून जुनं काढलं, ते अण्णांनी आणलं. वहीएवढी काळी पेटी, तिच्यावर रबरी बटणं. बोटानं दाबलं की ढोलकी, झांज, संबळ, सगळं आतून वाजतं, आणि मिनिटाला किती ठोके ते आकड्यात दिसतं. अण्णा तिला 'यंत्र' म्हणतात आणि वर टॉवेल पांघरतात.

गल्लीला हे पटलं नव्हतं. कारण अण्णा म्हणजे ढोलकी. येडाई देवीच्या जत्रेत आराध्यांचे, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचे, मेळे यायचे, पण अण्णांची थाप पडली की दुसऱ्या मेळ्याची माणसं इकडं सरकायची. मी बी.ए. झालो तेव्हा घरात पेढे नव्हते, पण अण्णांनी आमच्या दारात बसून ढोलकी वाजवली होती. असा माणूस ढोलकी खुंटीला टांगतो आणि पेटीला डिवचत बसतो!

"हात शाबूत असून मशीन कशाला हो अण्णा?" शेजारच्या मथुराबाईंनी विचारलं.

"हाताला घाई लई," अण्णा म्हणाले.

यंत्राबरोबर इंग्रजीतलं माहितीपुस्तक आलं होतं. गल्लीत इंग्रजीचा पदवीधर मी एकटा, म्हणजे ते माझ्याकडं येणारच. मी छाती काढून वाचायला बसलो. इंग्रजी कवितांवर मी पानंच्या पानं लिहून पास झालो होतो, पण ह्या पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर माझी पदवी घामेजली. तरी मी प्रत्येक वाक्याला "हां, म्हणजे बघा," असं म्हणत गेलो. शेवटी आम्ही दोघांनी बटणं दाबदाबून जे काढलं ते एवढंच: ठेक्याचे छोटे तुकडे करायचे, त्याला पॅटर्न म्हणायचं, ते एकामागं एक ओवले की गाणं. मधला तुकडा काढता येतो, दोनदा घालता येतो, सगळ्या गाण्याचा वेग वाढवता-घटवता येतो.

अण्णांनी आराध्यांचं एकच गाणं ओवायला घेतलं. रोज दुपारी जेवण झालं की दार लोटून तेच. कधीकधी फोनवरही ते कुणाला तरी ऐकवत. मला वाटलं, जत्रेची सुपारी ठरवत असतील.

पण गाणं दिवसेंदिवस हळू होत चाललं. पहिल्यांदा त्यावर नाचता आलं असतं. मग चालता आलं असतं. चैत उजाडला तेव्हा त्यावर फक्त बसता येत होतं.

"अण्णा, ह्या ठेक्यावर देवी डुलक्या घेईल," मथुराबाई म्हणाल्या. गल्ली हसली. अण्णाही हसले.

मला मात्र वाईट वाटलं. म्हातारपणानं कान गेला असावा, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष काढायची सवय मला कॉलेजात लागली. जत्रेत अण्णांचं हसं होऊ नये, हे एका सुशिक्षित शेजाऱ्याचं कर्तव्यच होतं.

सुट्टीच्या एका दुपारी ते म्हशीला वैरण टाकायला मागं गेले. मी आत शिरून टॉवेल काढला आणि वेग चांगला एकशेवीसवर नेऊन ठेवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी उचलला, स्पीकर लावला. पलीकडून बाईचा आवाज: "मामा, आत्याबाई बसल्यात. लावा."

मी रुबाबात बटण दाबलं. ठेका उसळला. त्यावर एक म्हातारा, जड आवाज आला.

"चढते मी पाय... चढते... मी..."

ठेका पुढं निघून गेला. आवाज एकदा त्याच्या मागं धावला, अडखळला आणि थांबला. मग नुसतं यंत्रच वाजत राहिलं.

"मामा, आज लई पळतंय हो," बाई म्हणाली.

अण्णा दारात उभे होते, हाताला वैरणीची कुसळं. त्यांनी यंत्र बंद केलं. मला वाटलं, आता माझी पदवी जाणार.

"थोरली बहीण हाय माझी, ईट गावात दिल्याली. फोनवर तिची सून," ते हळूच म्हणाले. "मेळ्यात म्होरं तीच म्हणायची. लकवा मारला. बोलाया गेली की जीभ अडती. पण गाण्यात सुटती, हळू असलं की. चैती पुनवंला येडाईम्होरं म्हणायचं, असा हट्ट हाय तिचा. तवर कुणाला सांगू नको म्हणली."

"मग ढोलकीच धरायची की अण्णा, तुम्ही."

"धरून बघितली. ह्या हाताला आक्काची जुनीच चाल ठावं. ती अडली की ह्यो म्होरं पळतो, मग ती रडती." त्यांनी यंत्राकडं बोट केलं. "त्याला घाई न्हाय."

त्यांनी वेग खाली आणला, आणखी खाली, आणि फोनकडं वाकले. "आक्के, चुकलं बग माझं. परत घिऊ."

त्यांचं काय चुकलं होतं? मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून गप्प केलं.

ठेका सुरू झाला. गल्ली ज्याला हसली होती तोच, संथ. आवाज आला.

"चढते मी... पायरी... आई..."

अण्णा उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. असं बसलेलं मी त्यांना खिडकीतून कितीदा पाहिलं होतं आणि मनाशी संधिवात ठरवून टाकला होता. मांडीखाली बोटं हलत होती.

"धर..." आवाज अडला. ठेका तिथंच, न चिडता, वाजत राहिला. अण्णांनी डोळे मिटले. माझा पाय नकळत जमिनीवर आपटायला लागला होता, एकशेचाळीसनं. अण्णांनी मोकळा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"धर माझा... हात."

ओळ संपली. तरी अण्णांनी हात उचलला नाही.