पट्टेकरी सटवोजी यांणी खांद्यास विसावा दिला, ती हकीकत

श्रीकुलदेवतेस वंदोन आणि वडिलांचे चरण स्मरोन, ऐकिले तैसे लिहितो. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरे, एके राज्यी सटवोजी नामे पट्टेकरी होते. डोळे बांधोन, मनुष्याचे तळहातावरील लिंबू पट्ट्याचे पात्याने दुभागावे आणि कातडीस ओरखडा न यावा, हा खेळ दसऱ्यास महाराजांपुढे करावा आणि सोन्याचा तोडा मिळवावा, ऐसा त्यांणी पण केला. लिंबू धरावयास त्यांची स्त्री भिवाई उभी राहत असे. तोच खेळ शेजारी राहणारे गोंदजी नामे दुसरे पट्टेकरी साधीत होते. सटवोजी पहाटेपासोन दिवेलागणीपर्यंत पट्टा फिरवीत, आणि गोंदजी दोन प्रहरी तळ्यावर गळ टाकोन बसत, मग चिंचेखाली घोरत. हे सटवोजींस साहेना. 'आम्ही रक्त आटवितो आणि हा मासे भाजोन खातो, तरी हात याचाच हलका,' ऐसे मनी जळो लागले. रोज आडवाटेने तळ्यावर जावे, गोंदजी निजले ते झाडाआडोन पाहावे, आणि परतोन दुप्पट मेहनत करावी, ऐसे चालिले. अन्न गोड लागेना, झोप तर नाहीच. मग भाद्रपदी खांदा सुजला, तरी थांबले नाहीत, आणि एके सायंकाळी पट्टा किंचित ढळला, तो भिवाईचे अंगठ्यास लागोन रक्त वाहिले.

सटवोजींणी डोळ्यांवरील फडके काढिले, रक्त पाहिले आणि पट्टा अंगणात टाकिला. म्हणाले, "आजपासोन हा सोडिला. उद्या नांगर धरितो."

भिवाई अंगठ्यास चिंधी बांधीत बोलिली, "नांगरास काय दुसरा खांदा लावणार? सोडू नका, धनी. निजा. खांदा बरा होईतो मी लिंबू धरणार नाही. बरा जाहला की धरीन."

"तोवर दसरा होऊन जाईल. तोडा गोंदजी नेईल."

"नेऊ द्या. मज माझा हात हवा, आणि तुमचाही."

मग भिवाईने खांदा शेकावा, आणि त्यांणी कूस बदलीत पडोन राहावे, आणि गोंदजींचे पट्ट्याचा आवाज आला की पांघरूण डोक्यावर ओढावे. दसऱ्यास गोंदजींणी लिंबू दुभागिले, महाराजांणी तोडा घातला, सारी सभा वाहवा करो लागली. सटवोजी मात्र खाली मान घालोन उभे राहिले. मग गोंदजी आपण होऊन जवळ आले आणि बोलिले, "सटवोजी, खांदा कैसा आहे? झाडाआड उभे राहत होता, ते मज ठाऊक होते. बसला असता तर एक गळ तुम्हांसही दिला असता." सटवोजी लाजेने काळवंडले. दुसरे दिवशी तळ्यावर गेले, परंतु समोरील काठी बसले.

फाल्गुनात खांद्याची सूज उतरली, आणि मग पट्टा पुन्हा हाती घेतला. परंतु दुपार जाहली की ठेवीत. पुढील दसऱ्यास भिवाईने न सांगता हात पुढे केला, पट्टा फिरला, आणि लिंबाच्या दोन फोडी भूमीवर पडल्या. सटवोजींणी डोळ्यांवरील फडके सोडोन प्रथम तिचा तळहात पाहिला, आणि मग गोंदजींचे तोंड, की हे जळतात की नाही. गोंदजी सर्वांआधी शाबास म्हणत होते. तेही सटवोजींस बोचले.

सारांश, खांद्यास विसावा दिला म्हणोन पट्टा राहिला, आणि तोडाही घरी आला. मत्सर समूळ गेला ऐसे कोणी सांगत नाही. परंतु पुढे दोघे एकाच काठी बसत, आणि कोणाचे गळास मोठा मासा लागला, यावरोन भांडत. इतकी हकीकत.