इंगोले सरांची पंगत

मी चारच्या जागी पन्नास टाकले आणि कॉलेजचं अख्खं नेट झोपवलं. तेही ऐन शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवशी.

चूक माझी, पण कारण इंगोले सर. मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे मी शिकवतो आणि पोरं त्यांच्याकडून शिकतात. हा फरक मला बरीच वर्षं झोंबतो आहे.

सर सकाळी आल्याआल्या पंखासुद्धा लावत नाहीत. चपला दाराशी काढतात, काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाकतात आणि मांडीवर हात ठेवून बसतात. प्रोग्राम लिहिणारे लोक आपलं काम इंटरनेटवर ज्या कप्प्यांत ठेवतात, त्यांना रेपो म्हणतात. सरांनी स्वतः बनवलेली ही कमांड असे ढीगभर रेपो एकाच वेळी उतरवून घेते. एका वेळी किती, तो आकडा आपण द्यायचा. सर चारच देतात.

"चारच काहून, सर?" मी एकदा विचारलं.

"पंगतीत वाढनारे चारच हायेत न बाप्पा! समद्यांले एकदम वाढाले गेलं त वरन सांडते."

पोरांना या कमांडचं केवढं कौतुक! मी महिनाभर खपून रंगीत स्लाइड बनवल्या, त्या पाहताना मागच्या बाकावर पोट्टे झोपतात. म्हणून त्या दिवशी सर चहाला गेलेले पाहून मी त्यांच्या खुर्चीत बसलो. टाकले पन्नास. म्हटलं, वेग काय असतो ते दाखवूच.

दिसला वेग. स्क्रीन सळसळली आणि पलीकडच्या खोलीतून आरोळी आली, "नेट कोनं खाल्लं बे?"

सर आले. रागावले नाहीत. कमांड थांबवली, चारचा आकडा घालून पुन्हा लावली. तेव्हा कुठे मी शेजारी उभा राहून स्क्रीनवरची रेपोवाल्यांची नावं वाचली. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी, पुण्या-बंगळुरात गेलेले.

"फोन त करत नाहीत लेकाचे," सर म्हणाले, "पन काल काय लिहिलं ते समजते. हा पाहा, मेडशीचा सागर. अजूनबी फायलींची नावं 'नवीन' आन 'एकदम नवीन'!"

मध्येच एक ओळ लाल झाली. सापडलं नाही. ती रिठदची वैशाली. लग्नानंतर तिनं खातंच बंद केलं होतं.

"मंग काढून टाका न तिचं नाव."

"राहू द्या. कवा उघडलं त?" सर स्क्रीनकडेच पाहत होते. "लय साजरं लिहे ते पोट्टी."

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवा, आणि तोही त्या लाल ओळीचा. जी नाही, तिचीसुद्धा कोणीतरी रोज सकाळी चौकशी करतं!

मी घसा खाकरला. "सर, माझंबी नाव टाका न यात."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"टाकलं असतं. पन तुमी आजवर काही लिहिलं हाये काय? रोज रिकामं खोकं कायले उतरवू मी?"